चार हात जागा

संभाजीनगरात कुणावर अन्याय झाला की तो माणूस क्रांती चौकात येतो. 1857 च्या उठावात इथल्या छावणीतल्या घोडदळाचे शिपाई सामील झाले होते. त्यांना ज्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला, ती जागा इथून जवळच. 9 ऑगस्ट 2016 ला मराठा क्रांती मोर्चा पहिल्यांदा निघाला तो याच चौकातून, एक घोषणा न देता. शेतकरी, अंगणवाडीच्या ताया, कामावरून कमी केलेले कामगार, नळाला पाणी न आलेल्या वसाहतींतल्या बायका, सगळे आधी इथं जमतात आणि मग विभागीय आयुक्तालयाकडे चालू लागतात. चौकात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. जालना रोडवर उड्डाणपूल झाला तेव्हा जुना पुतळा पुलापुढे ठेंगणा दिसू लागला. लोकांना ते सहन झालं नाही. उंची वाढवा, अशी मागणी झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये चबुतऱ्यासह 52 फुटांचा नवा पुतळा उभा राहिला. महाराजांची जागा कुणी झाकू नये, याची काळजी या शहराने मनापासून घेतली, आणि ते योग्यच झालं.

पुतळ्यापासून थोडं बाजूला, रस्त्याच्या कडेला, आठ जागांची एक रांग लागते. ही गोष्ट त्या रांगेची. माणसं मी रचलेली आहेत. चौक, धरण, दुष्काळ आणि कायदा मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत.

रांगेत पहिली चहावाली ताई. मग वडापाववाले नवरा-बायको, भेळवाले काका, बेल्ट आणि गॉगल विकणारा एक पोरगा, मोबाईलची कव्हरं विकणारे चाचा, चपला-बॅगा शिवणारे बाबा, उसाच्या रसाचे भाऊ, आणि सगळ्यांत शेवटी पेरूवाली आजी. पेरूवाली हे तिचं हिवाळ्यातलं नाव. पावसाळा सरता सरता तिच्या गाडीवर दौलताबादकडची सीताफळं असतात, संक्रांतीच्या सुमाराला बोरं, मृगाच्या आसपास जांभळं. मोर्चाच्या दिवशी तिचा माल दुपारीच संपतो. गावाकडून आलेल्या माणसाकडे हॉटेलात बसायला वेळ नसतो आणि पैसेही नसतात. तो दोन पेरू घेतो, तिखट-मीठ लावून घेतो आणि चालायला लागतो.

या रांगेत आपल्या जागी जन्मापासून टिकलेलं कुणीच नव्हतं. ताईचे आईवडील 1972 च्या दुष्काळात बीडकडून निघाले, रस्त्याच्या कामावर खडी फोडत फोडत शहरापर्यंत आले आणि इथंच राहिले. चाचांचं जुन्या शहरात वडिलोपार्जित दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकानाचा पुढचा भाग गेला आणि मागे जे उरलं त्यात खुर्चीसुद्धा मावेना. काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते, तो बंद पडला. रसवाल्या भाऊंना तर याच जालना रोडवर तीन ठिकाणांहून उठावं लागलं होतं, आणि दर वेळी चरक उचलायला चार माणसं बोलवावी लागली होती.

ज्याला एकदा उठवलं आहे तो दुसऱ्याला उठवणार नाही, असं आपण धरून चालतो. रांगेत तसं घडत नाही. ज्याची जागा एकदा गेली आहे त्याला जागेची जी धास्ती असते, ती कधीच काही न गमावलेल्या माणसाला कळणारसुद्धा नाही. रात्री घरी गेलं तरी त्याचा एक डोळा गाडीच्या चाकाखालच्या दगडावर असतो.

मार्च संपता संपता तिथं एक मोसंबीवाला आला. तिशीतला, अंबड तालुक्यातला. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यात त्याच्या वडिलांची बाग होती. त्यांनी टँकरने पाणी घालून एक उन्हाळा काढला, कर्ज झालं, आणि शेवटी झाडं तोडून सरपणाच्या भावाने विकली. पोरगा वाळूजला ठेकेदाराकडे लागला. ते काम सुटल्यावर त्याने जुनी हातगाडी घेतली, हाताने फिरवायचं रसाचं यंत्र घेतलं, आणि पहाटे जाधववाडीच्या बाजारातून दुसऱ्याच्या बागेतली मोसंबी आणून इथं विकायला लागला. मोसंबी हातात घेतली की तो अंगठ्याने तिची साल दाबून बघायचा. घरचं झाड ओळखणाऱ्याची ती सवय होती, ती काही गेली नव्हती.

पहिल्या दिवशी त्याने आजीला विचारलं, “मावशी, हितं लावू का?”

“लाव की. रस्ता काय माझ्या नावावर हाय?” आजी म्हणाली.

आजीच्या गाडीपलीकडे चार हात मोकळी जागा होती. तिच्यापुढे लगेच वळण. त्या चार हातांत त्याची गाडी बरोबर बसली.

एप्रिल लागला. संभाजीनगरचा एप्रिल म्हणजे अकरा वाजताच रस्ता ओस पाडणारं ऊन. मोसंबीचा रस खपू लागला. उसाच्या रसाचे काही ग्लास कमी झाले, हेही खरं. भाऊंनी भांडण काढलं नाही. ते भांडखोर नव्हतेच. एका सकाळी त्यांनी चोथ्याचा डबा रोजच्यापेक्षा एक वीत बाहेर ठेवला, एवढंच.

पण रांग एका टोकाने हलत नसते. त्याच आठवड्यात, उन्हाळ्यात गिऱ्हाईक सावलीला बसतं म्हणून, ताईने आपल्या गाडीशेजारी बाकडं टाकलं होतं. त्याने वडापाववाल्यांची एक वीत गेली. त्यांनी ती काकांकडे सरकवली आणि तेलाचा डबा ठेवायला स्वतःची एक मिळवली. काकांकडे दोन विती आल्या. त्यांनी त्या बेल्टवाल्या पोराकडे ढकलल्या आणि चुरमुऱ्याच्या पोत्यापुरती आणखी एक घेतली. पोराने गॉगलचा स्टँड आडवा केला. चाचांनी छत्री जराशी बाहेर रोवली. बाबांनी ऐरण सरकवली. भाऊंचा डबा तर आधीच पुढे होता. प्रत्येकाने शेजाऱ्याकडून आलेला दाब पुढच्याच्या हवाली केला, आणि जाता जाता त्यात आपली एक वीत घातली. आजीपर्यंत पोचल्या तेव्हा सात विती झाल्या होत्या.

सात विती आजीच्या नव्हत्या. तिच्या अंगावर आल्या होत्या आणि तिला गाडी सरकवावीच लागली. पण गाडी सरकवून झाल्यावर तिने रिकामं प्लॅस्टिकचं क्रेट उचललं आणि मोसंबीवाल्याच्या बाजूला ठेवलं. ते क्रेट इतके दिवस गाडीखाली मावत होतं. त्या दिवशी ते बाहेर ठेवावंसं वाटलं, कारण आपण आणखी सरकलो तर पुढच्या वेळी आपणच वळणावर जाऊ, ही भीती मनात होती. ती आठवी वीत आजीची.

आठ विती म्हणजे चार हात.

मोसंबीवाला वळणावर आला. वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवली. त्याचंही बरोबर होतं. त्या वळणावर गाडी थांबली तर मागे उस्मानपुऱ्याकडून येणाऱ्या रिक्षा अडकतात. मोसंबीवाल्याने दोन दिवस पुढे-मागे करून पाहिलं, आजीच्या क्रेटकडे पाहिलं, भाऊंच्या डब्याकडे पाहिलं. मग तो गाडी ढकलत पुलाच्या पलीकडच्या अंगाला गेला. तिथं सावली आहे, पण कुणी थांबत नाही. सगळे कुठेतरी जायच्या घाईत असतात.

रांगेत त्याला कुणीही जा म्हटलं नव्हतं. शिवी दिली नव्हती, धक्का मारला नव्हता. संध्याकाळी विषय निघालाच तर ताई म्हणायची, “जमलं नसंल त्याला.” आणि ते सगळ्यांना पटायचं.

एका गुरुजींना ते पटलं नाही. इतिहास शिकवून निवृत्त झालेले हे गुरुजी रोज संध्याकाळी ताईच्या बाकड्यावर चहा घेत. त्यांनी मोसंबीवाल्याचं विचारलं, उत्तर ऐकलं, आणि कपाकडे बघत म्हणाले, “इथून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद आहे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथं हलवली. देवगिरीचं नाव बदललं आणि दिल्लीच्या माणसांना निघायला लावलं. चाळीस दिवसांची वाट. कितीतरी वाटेतच गेले. काही वर्षांनी दरबार परत दिल्लीला. शाळेत मी हा धडा शिकवला की पोरं तुघलकाला हसायची. सातशे वर्षं झाली, जग त्याच्याकडे बोट दाखवतंय, कारण हुकूम त्याचा होता आणि तो त्याच्या नावावर लिहिलेला आहे. आता या मोसंबीवाल्याच्या बाबतीत मी बोट कुणाकडे दाखवू?”

कुणी बोललं नाही. शेवटी भाऊ म्हणाले, “गुरुजी, चहा गार व्हायला.”

मला या गोष्टीत सर्वांत अवघड वाटतो तो हा प्रश्न. हुकूम देणारा सापडला तर त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, आणि मोर्चा काढायची जागा तर दोन पावलांवर होती. पण एकेका वितीने झालेल्या अन्यायाविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा? ज्यांच्या दारात न्यावा, तेच मोर्चात चालणार असतात.

जूनमध्ये सर्वेवाली दोन पोरं आली. एक मुलगा, एक मुलगी. हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र. फेरीवाल्यांसाठी 2014 मध्ये केंद्राने कायदा केला आहे. त्यात म्हटलं आहे की दर पाच वर्षांनी एकदा तरी फेरीवाल्यांची मोजणी व्हावी, मोजणीत आलेल्याला प्रमाणपत्र द्यावं, आणि ते सगळं होईपर्यंत कुणालाही उठवू नये. जागा बदलायची झालीच तर तीस दिवस आधी नोटीस. जप्त केलेल्या मालाची यादी द्यायची. नाशवंत माल त्याच दिवशी परत. निर्णय घेणाऱ्या समितीत शंभरातले चाळीस जण स्वतः फेरीवाले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. हे असं लिहून ठेवायला देशाला फार वर्षं लागली. उपजीविका काढून घेणं म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणं, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात म्हटलं ते 1985 मध्ये. कायदा त्यानंतर एकोणतीस वर्षांनी झाला. म्हणून मोजणीच्या यादीत नाव येणं ही लहान गोष्ट नाही. चाचांना ते ठाऊक होतं. कोविडनंतर फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज मिळालं, तेव्हा कागदावर आपण कुणी आहोत हे सिद्ध करताना त्यांची चप्पल झिजली होती.

पोरांनी एकेकाचा फोटो घेतला, आधार क्रमांक टिपला, गाडीची लांबी-रुंदी लिहिली. आजीपाशी येऊन मुलीने विचारलं, “या रांगेत अजून कुणी बसतं का?”

“नाही,” भाऊ म्हणाले. “आठच.”

मुलीने बाकीच्यांकडे पाहिलं. ताई ग्लास विसळत होती. काका कांदा चिरत होते. खोटं एकानेच बोललं होतं. बाकीच्यांना नुसतं गप्प राहायचं होतं.

आजीला हा प्रश्न आधी एकदा ऐकलेला आठवला. शब्दसुद्धा जवळपास तेच होते.

तिचं गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठी. गावात कुणी गोदावरी म्हणत नसे, गंगाच म्हणत. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणच्या धरणाची कोनशिला बसवली तेव्हा आजी पाळण्यात होती. तिला कळायला लागलं तोवर गावात ‘आपलं गाव धरणात चाललं’ हेच बोलणं होतं. धरणाची भिंत दहा किलोमीटर. पाणी पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा अशा तालुक्यांत मागे पसरणार होतं आणि वाटेतली गावंच्या गावं उठणार होती. तिचा बाप पाटलाकडे सालगडी होता. घर होतं, कुडाचं, पण घराखालची जमीन पाटलाच्या नावावर. सातबारावर बापाचं नाव कुठेच नव्हतं.

मग एके दिवशी चावडीवर साहेब आले. टेबल मांडलं. जमिनीची यादी, विहिरींची यादी, झाडांची यादी. तेव्हा भूसंपादनाचा जो कायदा होता तो इंग्रजांच्या काळातला, 1894 चा. ज्याचा जमिनीवर हक्क त्याला मोबदला. मजूर त्या हिशेबात येतच नव्हता. बांधावरच्या आंब्याचे पैसे लागले. त्या आंब्याला बापाने डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं, ते कशातच धरलं गेलं नाही. यादी संपल्यावर साहेबांनी मान वर करून विचारलं, “अजून कुणी राहिलं का?”

बाप मागे उभा होता, टोपी हातात धरून. स्वतः पुढे होऊन साहेबाशी बोलायची रीत त्याला ठाऊक नव्हती. चावडीच्या ओट्यावर गावातली चार माणसं बसली होती. चौघेही त्याला ओळखत होते. एकाच्या पोरीच्या लग्नात त्याने तीन दिवस पाणी वाहिलं होतं. त्यांच्यापैकी कुणी त्याचा वैरी नव्हता. पण नव्या गावठाणात प्लॉट मोजके असणार, अशी कुजबुज होती. एक नाव वाढलं तर आपला प्लॉट कडेला जाईल, नाल्याकडचा मिळेल, असं प्रत्येकाला वाटलं असावं. कुणी तोंड उघडलं नाही. साहेबांनी कागद गुंडाळले. आजी तेव्हा जेमतेम शाळेच्या वयाची होती, शेळीची दोरी धरून बापाशेजारी उभी होती.

पाणी आलं. लोक बैलगाडीत दारं-खिडक्या, तुळया घालून नव्या गावठाणात गेले. बापाने त्यांना तुळया उतरवायला मदत केली आणि मग बायको-पोरांना घेऊन शहराची वाट धरली. फेब्रुवारी 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशातला असा पहिला. आजीच्या गावासाठी तो उशिराच आला. आणि जलाशयाला नाव मिळालं नाथसागर. आज संभाजीनगरच्या नळाला जे पाणी येतं ते तिथलंच. आजीच्या वस्तीत कितीतरी दिवसांच्या खाड्याने नळ येतो, बायका हंड्यांसाठी भांडतात, आणि आजी कधी कधी भरलेल्या हंड्याकडे नुसती बघत राहते.

एका दुष्काळाच्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं तेव्हा ती गाव बघायला गेली होती. गाळात लोकांनी पेरा केला होता. मारुतीचं देऊळ उभं होतं, पाटलाच्या वाड्याचा चौथरा दिसत होता, विहिरीचा कठडा होता. तिचं घर कुठे होतं ते तिला सापडलं नाही. कूड आणि माती. पाण्यात विरघळून गेली होती. यादीत जे होतं तेच पाण्याखालीही टिकलं होतं.

बाप मरेपर्यंत साहेबाला दोष देत नसे. तो म्हणायचा, “सायबाला काय ठाव? ज्यांला ठाव व्हतं, ते गप बसले.”

“आजी, संपलं ना?” मुलीने पुन्हा विचारलं.

“न्हाई संपलं,” आजी म्हणाली. “अजून एक लिव्हा. मोसंबीवाला.”

भाऊंनी मान वळवली. “आजी, तो हितं बसतो तरी कुठं?”

“बसत व्हता. आपुन उठवला.”

“कुणी उठवला? कुणी म्हणलं त्याला जा म्हणून?”

आजीने उत्तर दिलं नाही. ती खाली बसली, क्रेट उचललं आणि गाडीखाली सारलं. मग रिकाम्या झालेल्या जागेवर तिने अंगठा आणि करंगळी ताणून पंजा टेकवला. “ही माझी वीत,” ती म्हणाली. “आता तुमची तुमची सांगा.”

पहिले चाचा उठले. त्यांनी छत्रीचा दांडा उपसला आणि होता तिथं मागे रोवला. “अम्मा, ये मेरी,” ते म्हणाले. बाबांनी ऐरण ओढून घेतली. बेल्टवाला पोरगा थोडा लाजला, मग त्याने स्टँड उभा केला. काकांनी कांद्याची सुरी खाली ठेवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत पोतं उचललं. त्यांच्या मनातून नव्हतं, पण सगळ्यांसमोर ते पोतं तिथं ठेवणं त्यांना जड गेलं. वडापाववालीने नवऱ्याकडे न बघताच तेलाचा डबा आत घेतला. ताईने बाकडं उचलून गाडीच्या मागच्या अंगाला नेलं. गुरुजी त्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले.

भाऊ हलले नाहीत. “माझ्या चरकाचं वजन म्हायती हाय का तुम्हाला?” ते म्हणाले. “मी तीनदा उचललाय तो. आता न्हाई उचलणार.” त्यांच्या आवाजात राग कमी होता. तीनदा उठवलेल्या माणसाचा थकवा होता, आणि तो खोटा नव्हता.

आजीने त्यांना आग्रह केला नाही. सात विती झाल्या होत्या, एक कमी पडत होती. तिने गाडीवरची जांभळं दोन पाट्यांत काढली, गाडी उभी करून मागच्या भिंतीला टेकवली आणि स्वतः पाट्या घेऊन खाली बसली. गाडी गेल्यावर जागा वितीपेक्षाही जास्त निघाली. बेल्टवाला पोरगा तोवर पुलाखाली धावला होता. मोसंबीवाला गाडी ढकलत आला, घाबरलेला, काय झालं ते न कळलेला. त्याला वाटलं गाडी जप्त करायला बोलावलं आहे.

मुलीने त्याचा फोटो घेतला. आधार क्रमांक लिहिला. लांबी मोजली, चार हात. मग ती प्रामाणिकपणे म्हणाली, “यादीत नाव आलं म्हणजे प्रमाणपत्र मिळालंच असं नाही हं. समिती ठरवेल.”

“ठरवू दे,” आजी म्हणाली. “तू इच्यारलं, आमी खरं सांगितलं.”

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत, तेही सांगायला हवं. जमिनीवर बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक कमी वाकतं. आजीची विक्री उतरली. काका आठवडाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. भाऊंचे काही ग्लास मोसंबीकडे गेले ते गेलेच. कुणीतरी कुणासाठी सरकतं तेव्हा त्याचं काहीतरी खरंच कमी होतं. फुकटात होणारी ही गोष्ट नाही. फक्त पावसाळ्यात, जेव्हा उसाचा आणि मोसंबीचा रस दोन्ही खपेनासे झाले, तेव्हा भाऊ आणि मोसंबीवाला एकाच ताडपत्रीखाली उभे राहून मक्याची कणसं भाजायला लागले. ताडपत्री भाऊंची होती, शेगडी मोसंबीवाल्याची. पहिल्या पैशांतून मोसंबीवाल्याने एक बुटकं लाकडी स्टूल आणलं आणि आजीच्या पाट्या त्यावर मांडल्या. आजीने नको नको म्हटलं आणि मग मांडू दिल्या.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी एक बाई झेंडूची फुलं घेऊन आली. सोबत लहान मुलगी, डोक्यावर चुंगडं. मोसंबीवाल्याच्या गाडीपलीकडे, वळणाच्या अलीकडे, तिने पोतं अंथरलं आणि फुलांचे ढीग लावायला लागली. मोसंबीवाला गिऱ्हाइकाला रस देत होता. ग्लास देऊन झाल्यावर त्याने सालींची बादली उचलली आणि रोजच्यापेक्षा एक वीत पलीकडे, बाईच्या पोत्याच्या कडेवर ठेवली. त्याने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. हात आपोआप गेला.

आजीने ते पाहिलं. ती बोलणार, एवढ्यात पाठीमागून आवाज आला.

“ए मोसंबी. बादली उचल.”

भाऊ होते.

“भाऊ, पर जागाच कुठं हाय? पुढं वळण हाय,” मोसंबीवाला म्हणाला.

भाऊंनी चरकाच्या चाकाखालचा दगड पायाने बाजूला सारला आणि लुंगी खोचली. “आता आपण नऊ झालो. ये, मागून हात लाव. लई जड हाय हा.”